माळ्यावरचा फिल्म कॅमेरा: आधी काय तपासायचं, घरी काय करायचं आणि कुठे हात आवरायचा

जुना फिल्म कॅमेरा गूढ कारणांनी बिघडत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या दहा कॅमेऱ्यांमध्ये आलटून पालटून तीच चार दुखणी निघतात: आतलं तेल सुकून चिकट झालेलं, प्रकाश अडवणारा फोम विरघळलेला, सेलच्या घरात क्षार साचलेले आणि भिंगात ओल शिरून बुरशी धरलेली. यांतली बहुतेक फिल्म न घालताच ओळखता येतात. रोल आणि तो धुवून घेणं आज स्वस्त राहिलेलं नाही, त्यामुळे ‘एक रोल टाकून बघू’ ही तपासणीची शेवटची पायरी असायला हवी, पहिली नव्हे.

आधी हातात काय आलंय ते ओळखा. कोडॅक केबी-१० किंवा यशिका एमएफ-२ सारखे प्लास्टिकचे कॅमेरे आपल्याकडे घरोघरी होते. ते चालत असतील तर वापरा, बंद असतील तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. त्यांतले फ्लॅशचे सर्किट मात्र उघडू नका. सेल काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो आणि त्याचा झटका जबर असतो. आगफा क्लिक-३ सारखा पेटीवजा कॅमेरा १२० आकाराची फिल्म घेतो, आणि ती फिल्म आजही बनते. ६२० फिल्मचे जुने कॅमेरे त्याच रुंदीची फिल्म घेतात, पण त्यांची फिरकी बारीक असते. त्यासाठी १२०ची फिल्म अंधारात ६२०च्या फिरकीवर गुंडाळून घ्यावी लागते, म्हणून जुनी रिकामी फिरकी टाकून देऊ नका. मनापासून वेळ द्यावा असे कॅमेरे म्हणजे ३५ मिमी फिल्मचे, आरशाद्वारे भिंगातूनच पाहायचे एसएलआर (पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, झेनिट), यशिका इलेक्ट्रो ३५ किंवा ऑलिंपस ट्रिप ३५ सारखे छोटे कॅमेरे आणि स्टुडिओवाल्यांकडचे दोन भिंगांचे यशिका-मॅट. पुढचं सगळं मुख्यतः यांच्याबद्दल आहे.

हात लावण्याआधी

मागचं झाकण उघडण्याआधी रिवाइंडची चावी हलकेच फिरवा. अडकल्यासारखी लागली तर आत फिल्म आहे. झाकण उघडलं तर ती खराब होईल. बहुतेक ३५ मिमी कॅमेऱ्यांच्या बुडाशी एक बारीक बटण असतं. ते दाबून चावी बाणाच्या दिशेने फिरवत राहा, एकदम सैल लागली की फिल्म डब्यात परत गेली. वीस वर्षांपूर्वीचा कृष्णधवल रोलसुद्धा पुष्कळदा काहीतरी दाखवतो, तेव्हा तो धुवायला जरूर द्या.

कुठलाही लिव्हर, कडी किंवा बटण जोर लावून हलवायचं नाही. अडलंय म्हणजे आत काहीतरी वाळलंय किंवा क्रम चुकतोय. क्रमाचं महत्त्व सोव्हिएत कॅमेऱ्यांत फार आहे. झोर्की, फेड आणि जुन्या झेनिटमध्ये आधी फिल्मचा लिव्हर पूर्ण ओढायचा आणि मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलं तर वेगाची चकती चुकीच्या जागी बसते, आणि काही मॉडेलांमध्ये आतली यंत्रणा मोडते.

सेल: व्होल्टचा छोटा फरक, फोटोवर मोठा

सेलचं झाकण नाण्याने उघडा. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर जुना अल्कलाइन सेल फुटलेला आहे. हा क्षार असतो, म्हणून कापसाच्या काडीवर पांढऱ्या व्हिनेगरचे एकदोन थेंब घेऊन पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल काढून टाकायची आणि धातूची पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने चमकेपर्यंत घासायची. एवढं करूनही उजेड मोजणारा मीटर हलत नसेल तर सेलच्या घरामागची तांब्याची तार आतून खाल्ली गेलेली असण्याची दाट शक्यता असते. कारागिराला एवढं नेमकं सांगितलंत तर त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

खरी गुंतागुंत पाऱ्याच्या सेलची. १९६० आणि ७०च्या दशकातले कितीतरी कॅमेरे, उदाहरणार्थ ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआर-टी १०१, कॅनोनेट क्यूएल१७, पीएक्स६२५ नावाचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल धरून बनवलेले आहेत. या सेलचं व्होल्टेज संपेपर्यंत जवळजवळ स्थिर राहायचं, म्हणून मीटरमध्ये व्होल्टेज सांभाळणारं वेगळं सर्किट घालायची गरज कंपन्यांना वाटली नाही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे १९९०च्या दशकात हे सेल बंद झाले. आज त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टने सुरू होतो आणि वापरासोबत उतरत जातो. जास्त व्होल्ट मिळाले की मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो, तो कमी एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) सुचवतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येतं.

यावर तीन मार्ग आहेत. कानाच्या मशीनचे ६७५ क्रमांकाचे झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतात आणि औषधांच्या दुकानात मिळतात. ते पीएक्स६२५ पेक्षा अरुंद असल्यामुळे भोवती रबरी किंवा पितळी कडी घालावी लागते. वरचा कागद काढला की हवेने सेल जागा होतो आणि मग वापरा न वापरा, दोनतीन महिन्यांत संपतो. दुसरा मार्ग म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या डायोडची कडी आणि तिच्यात सिल्व्हर ऑक्साइडचा सेल. या सेलचं व्होल्टेजही शेवटपर्यंत स्थिर असतं, त्यामुळे वर्षभर विसरून जाता येतं. नियमित वापरणाऱ्याने हाच घ्यावा. तिसरा मार्ग असा की मीटर जेवढा चुकतो तेवढं आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) कमी लावायचं. हा फारसा भरवशाचा नाही, कारण चूक सगळ्या उजेडात सारखी नसते: उन्हात एक स्टॉप (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी), तर खोलीत वेगळीच. म्हणून मीटरची परीक्षा घेताना कडक ऊन, सावली आणि घरातला उजेड अशा तीन ठिकाणी डिजिटल कॅमेऱ्याशी किंवा फोनवरच्या लाइट मीटर अ‍ॅपशी ताडून पाहा.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरची रचना तराजूसारखी आहे. दोन बाजूंचा तोल पाहिला जात असल्यामुळे व्होल्ट थोडे वाढले तरी काटा चुकत नाही. १९७६ साली आलेल्या के१०००ला साधा एलआर४४ किंवा एसआर४४ चालतो, मात्र त्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. भिंगावर टोपी लावली की मीटर झोपतो. टोपी हरवलेला के१००० सेल खात राहतो, याचं कारण हे. यशिका इलेक्ट्रो ३५ला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा. त्या जागी कडी किंवा स्प्रिंग घालून ६ व्होल्टचा ४एलआर४४ बसवतात आणि तो ठीक चालतो. सेल नसेल तर हा कॅमेरा सगळे फोटो १/५०० सेकंदालाच काढतो. त्यामुळे ‘शटर वाजतंय म्हणजे कॅमेरा चांगला आहे’ असं विकणारा सांगत असेल तर सेल घालून, सावलीत नेम धरून आवाज लांबतो का ते ऐका.

ऑलिंपस ट्रिप ३५ला सेलच लागत नाही. भिंगाभोवतीची बुडबुड्यांची काच म्हणजे सेलेनियमचा मीटर. भिंगाची कडी ‘ए’वर ठेवा, ती काच हाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा: पाहण्याच्या खिडकीत लाल पट्टी वर यायला हवी आणि शटर उघडायला नको. मग उजेडात दाबा, शटर उघडायला हवं. दोन्ही जमलं तर मीटर जिवंत आहे. सेलेनियम एकदा मेलं की बदलूनच घ्यावं लागतं.

विरघळलेला फोम

१९७० नंतरच्या बहुतेक जपानी कॅमेऱ्यांत मागच्या झाकणाच्या खाचांमध्ये आणि आरशाच्या वरच्या कडेला काळा पॉलियुरेथेन फोम असतो. आपल्या हवेत त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. हे काम घरी करण्याजोगं आहे आणि नवशिक्याने दुरुस्तीची सुरुवात इथूनच करावी.

कॅमेरा उताणा न ठेवता असा तिरका धरा की निघालेला कचरा बाहेर पडेल. शटरच्या चौकटीवर कागद हलकेच टेकवून ठेवा, पडद्याला दाब लागता कामा नये. बांबूची किंवा लाकडी काडी छिन्नीसारखी तासून घ्या आणि सुकाच फोम आधी खरवडून काढा. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने दोनतीन वेळा पुसा. धातूचं टोक वापरू नका, रंग उडतो आणि तिथून प्रकाश परावर्तित होतो. खाचांमध्ये काळी लोकरीची दोरी बसवली तर फोमपेक्षा जास्त वर्षं टिकते. झाकणाच्या बिजागरीकडच्या रुंद पट्टीला मात्र चिकटणारा फोमच लागतो, आणि प्रकाशगळती सर्वांत जास्त तिथूनच होते. फोम जाड झाला तर झाकण नीट बसत नाही, म्हणून झाकण बंद करताना जोर लागतो का ते पाहून जाडी ठरवा.

आरशाजवळचा फोम बदलताना दुप्पट सावध राहा. कॅमेऱ्यातल्या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, घरातल्या आरशासारखा मागे नाही. बोट किंवा कापड लागलं की कायमचा ओरखडा. वरचा फोकसिंग स्क्रीन प्लास्टिकचा असेल तर अल्कोहोलने तो धुरकट होतो. या दोन्हींवरची धूळ फोटोत येत नाही. हवेच्या रबरी पिचकारीने जेवढी उडेल तेवढीच उडवा.

शटर

मागचं झाकण उघडं ठेवून, भिंग काढून, पांढऱ्या उजळ भिंतीकडे नेम धरा. १/१००० सेकंदाला शटर मारा आणि मागून बघा. क्षणभर पूर्ण आयत उजळलेला दिसायला हवा. एका कडेला काळी पट्टी दिसली तर शटरचा मागून धावणारा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय, फोटोची ती बाजू अंधारी येणार. असा कॅमेरा १/२५०पर्यंत नीट चालत असेल तर तेवढ्यावर तो वापरता येतो.

संथ वेगांसाठी फोनचा स्लो मोशन कामी येतो. सेकंदाला २४० चौकटींचं चित्रीकरण करा आणि शटर किती चौकटींमध्ये उघडं दिसतं ते मोजा: १/१५ला १६, १/३०ला ८, १/६०ला ४. एक चौकट इकडेतिकडे धरायची. त्यापुढच्या वेगांना ही पद्धत अपुरी पडते, तिथे प्रकाशाचा सेन्सर लावलेलं उपकरण लागतं.

१ सेकंद, १/२, १/४ हे वेग अडकणं अगदी सामान्य आहे. संथ वेगांना घड्याळासारखी दातेरी चाकं असतात आणि त्यांतलं तेल गोंदासारखं होतं. शटर तीसचाळीस वेळा मारलं की ते मोकळं होतं, पण आठवडाभर पडून राहिलं की पुन्हा अडकतं. गंज काढायचा स्प्रे कॅमेऱ्यात मारणं हा यावर सर्वांत घातक उपाय. तो स्प्रे पसरत पसरत शटरच्या पात्यांवर आणि भिंगापर्यंत जातो, नंतर त्यावर धूळ बसते आणि जे काम तासाभराचं होतं ते चार दिवसांचं होतं. यासाठी कॅमेरा कारागिराकडेच न्या. मुंबईत फोर्टच्या बोराबाजार परिसरात कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येते. कारागिराला एकच प्रश्न विचारा: सर्व्हिसच्या आधीचे आणि नंतरचे शटरचे वेग मोजून लिहून द्याल का? जो हो म्हणेल त्याच्याकडे द्या.

आगफा आयसोलेटसारख्या घडीच्या कॅमेऱ्यात दोन खास दुखणी आहेत. फोकसच्या कडीतलं हिरवं ग्रीस सिमेंटसारखं घट्ट होतं आणि कडी फिरवायला गेलं की अख्खं भिंगच फिरतं. शिवाय भात्याच्या कोपऱ्यांना बारीक भोकं पडतात. अंधाऱ्या खोलीत, उघडलेल्या भात्यात फोनचा टॉर्च घालून बाहेरून पाहा, भोकं चांदण्यांसारखी दिसतात.

आणखी एक काळजी. ज्या कॅमेऱ्यांत आरसा नाही आणि कापडी पडदा थेट भिंगामागे आहे, तिथे भिंग सूर्याकडे रोखून ठेवलं तर पडद्याला भोक पडतं. लहानपणी बहिर्गोल भिंगाने कागद जाळतो, तेच घडतं. झोर्की, फेड गळ्यात अडकवून उन्हात फिरताना टोपी लावलेली बरी.

ओल आणि बुरशी

महाराष्ट्रात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, आणि तसाच गोव्यात, जुन्या भिंगांचा खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ६५-७० टक्क्यांच्या वर, अंधारात आणि हवा खेळत नसेल तिथे बुरशी वाढते. लोखंडी कपाटात, चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवलेला कॅमेरा तिला हवं ते सगळं देतो. काच तिचं अन्न नव्हे. बोटांचं तेल, धूळ, चामडं आणि चिकटवायला वापरलेले पदार्थ यांवर ती जगते, मात्र वाढताना जे आम्ल सोडते ते भिंगावरचा थर आणि पुढे काचही खातं.

पाहायची रीत अशी: अ‍ॅपर्चर (भिंगातलं पात्यांचं लहानमोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, भिंगाच्या एका टोकाकडून फोनचा टॉर्च तिरका सोडा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहा, मग उलट करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा फांद्या फुटलेले तारे म्हणजे बुरशी. सर्वत्र सारखा दुधी पडदा म्हणजे तेलाची वाफ बसलेली, तो बहुधा साफ होतो. कडेकडून आत येणारा इंद्रधनुषी डाग असेल तर दोन काचा चिकटवणारा थर सुटतोय, त्याच्या नादी न लागलेलं बरं.

बुरशी दिसली म्हणून लगेच भिंग फेकू नका. पुढच्या काचेवरचे चारदोन तंतू साध्या फोटोत दिसतही नाहीत. मागच्या काचेवरची बुरशी जास्त नडते आणि प्रकाश समोरून येताना चित्र फिकटतं. तुमच्या हातातलं भिंग पुरतं का, ते उजेडाकडे तोंड करून काढलेला एक फोटो सांगेल.

बाहेरच्या काचेवरची बुरशी घरी काढता येते. आधी पिचकारीने धूळ उडवा, नाहीतर कण काचेवर घासले जातील. औषधाच्या दुकानातल्या ३ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने लेन्स टिशू ओलसर करून, मधून कडेकडे गोल पुसा आणि दोनतीन मिनिटांत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून कोरडं करा. द्रव काचेवर ओतायचा नाही, तो कडेने आत झिरपतो. इतकं केल्यावरही राहिलेली पुसट नक्षी म्हणजे खाल्लेला थर, ती कुणालाच काढता येणार नाही. आतल्या काचांसाठी भिंग उघडावं लागतं. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू साध्या फुलीच्या (फिलिप्स) स्क्रू ड्रायव्हरने सोलले जातात, कारण त्यांचा साचा जपानी मापाचा, थोडा वेगळा असतो. फोकसची दुहेरी मळसूत्री नळी ज्या बिंदूला सुटते तो बिंदू खूण करून ठेवला नाही तर पुन्हा जोडल्यावर अनंतावर (अगदी दूरच्या वस्तूंवर) फोकस बसत नाही. पहिलं उघडलेलं भिंग तुमचं आवडतं असू नये, एवढंच सुचवतो.

उन्हात ठेवून बुरशी निघून जाते, हा समज अर्धाच खरा आहे. ऊन तिची वाढ रोखतं, पण साचलेले तंतू तसेच राहतात, आणि तापलेल्या भिंगातलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर सरकतं. उन्हाचा खरा उपयोग निराळ्याच रोगावर होतो. सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम असलेली काच आहे आणि ती वर्षांनुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील किरणांनी हा पिवळेपणा उतरतो. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात, मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावून, रोज थोडा वेळ असं काही आठवडे ठेवलं तर फरक पडतो. भिंग उन्हात असताना समोरून हलू नका, ते आग लावू शकतं.

ठेवायला महागडं विजेवरचं कपाट हवंच असं नाही. रबरी पट्टीचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत आर्द्रतामापक आणि दहा लिटरच्या डब्याला पाव किलोच्या आसपास सिलिका जेल, एवढं पुरतं. लक्ष्य ४० ते ५० टक्के. ३० टक्क्यांखाली नेलं तर ग्रीस आणि चामडं सुकतं, तेव्हा ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हे खरं नाही. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवून परत वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं, ते स्वयंपाकघरात तापवू नये. स्वस्त आर्द्रतामापक खरा आहे का ते मिठाने कळतं: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ थेंबभर पाण्याने ओलं करून, मापकासोबत घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवेत. जेवढा फरक तेवढा लक्षात ठेवा.

कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायची रीत सोडून द्या. पिठाची पूड आत जाते आणि तांदूळ फारशी ओल ओढत नाही. डांबराच्या गोळ्या आणि कापूर तर जवळही नको, त्यांची वाफ भिंगावर आणि फिल्मवर बसते. चामड्याची केस वेगळी ठेवा. महिन्यातून एकदा सगळे वेग दोनदोनदा मारा, फोकसची आणि अ‍ॅपर्चरची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग शटर न ओढलेल्या स्थितीत, सेल काढून ठेवून द्या. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी अशा वर्षातून दोन वेळा टॉर्चने भिंगं पाहिलीत तर बुरशी पहिल्याच तंतूला सापडते. विदर्भात अडचण उलट असते: मे महिन्यात गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचं ग्रीस वितळतं आणि चामडी आवरण सुटतं.

एसी खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत नेला की भिंगावर दव धरतं. तो आधीच पिशवीत ठेवा आणि बाहेर आल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरावीस मिनिटं थांबा.

जुनी भिंगं नव्या कॅमेऱ्यावर

इथे सगळा खेळ एका अंतराचा आहे: भिंगाच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर. एम४२ या आट्यांच्या भिंगांना ते ४५.४६ मिमी लागतं, कॅनन एफडीला ४२, निकॉन एफला ४६.५. सोनीच्या आरसा नसलेल्या ई माउंटच्या डिजिटल बॉडीवर ते अवघं १८ मिमी आहे, म्हणून उरलेली जागा भरणारी पोकळ नळी लावली की जवळपास कुठलंही भिंग तिथे बसतं. उलट निकॉनच्या एसएलआरवर एम४२ भिंग लावलं तर ते एक मिलिमीटरने जास्तच लांब बसतं आणि दूरवर फोकस होत नाही. त्यासाठी काच घातलेला अडॅप्टर मिळतो, पण ती काच चित्र बिघडवते, म्हणून तो टाळा.

हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) सारखं भिंग लावताना कॅमेऱ्याच्या मेनूत ‘भिंगाशिवाय शटर’ चालू करा आणि हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला (स्टॅबिलायझेशन) ५८ हा आकडा हाताने सांगा. ऑटो-मॅन्युअल कळ असलेल्या भिंगांवर ती मॅन्युअलकडे हवी, नाहीतर पाती उघडीच राहतात. पात्यांवरचं तेल नव्या बॉडीवर फारसं नडत नाही, कारण अ‍ॅपर्चर तुम्हीच आधी लावता. फिल्मच्या एसएलआरवर मात्र पाती फोटोच्या क्षणी झटकन मिटायला हवीत, तेलकट असतील तर उशीर होतो आणि एफ/११, एफ/१६ चे, म्हणजे छिद्र लहान ठेवून काढलेले फोटो जास्त उजळ येतात.

पहिला रोल

फिल्म भरताना सर्वांत जास्त रोल कोरे जातात ते एका कारणाने: फिल्मच्या सुरुवातीची जीभ फिरकीत नीट अडकलेली नसते. झाकण लावल्यावर रिवाइंडची चावी हलकेच फिरवून सैलपणा काढा आणि मग लिव्हर ओढताना ती चावी स्वतःहून फिरते का पाहा. फिरत नसेल तर उघडून पुन्हा भरा. ३६ फोटोंनंतर लिव्हर घट्ट लागला की थांबा, ओढलात तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतील.

क्लिक-३ आणि मागे लाल खिडकी असलेल्या इतर कॅमेऱ्यांना एक जादा सूचना. ती खिडकी लाल उजेड न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मच्या काळातली आहे. आजची फिल्म लालही ओळखते, म्हणून खिडकीवर काळी टेप लावा आणि आकडा पाहायचा तेवढाच वेळ, सावलीत, उचला. या कॅमेऱ्यात १०० आयएसओची फिल्म घाला. त्याचा संथ शटर ४००च्या फिल्मला उन्हात फार प्रकाश देतो.

चाचणीसाठी २०० आयएसओचा ताजा, साधा रंगीत रोल घ्या. मुदत संपलेली फिल्म इथे नको, दोष कॅमेऱ्याचा की फिल्मचा ते कळणार नाही. उघड्या सावलीतली एकसारखी भिंत निवडा आणि तीच भिंत १/६० एफ/११, १/१२५ एफ/८, १/२५० एफ/५.६, १/५०० एफ/४, १/१००० एफ/२.८ अशी काढा. पाचही वेळा प्रकाश सारखाच मिळतो. नोंद वहीत लिहा. उरलेले फोटो मीटरशिवाय काढायचे तर कडक उन्हात एफ/१६ आणि १/२५० हे २०० फिल्मचं जुनं, भरवशाचं गणित आहे. सावलीतल्या माणसासाठी तीन स्टॉप उघडा. रंगीत निगेटिव्ह थोडा जादा प्रकाश सहज पचवतं, कमी पचवत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा एक स्टॉप जास्त द्या.

लॅबला सांगून निगेटिव्ह परत मागून घ्या आणि निदान त्यावरूनच करा. स्कॅन करणारं सॉफ्टवेअर उजेड आपोआप सारखा करतं आणि दोष लपवतं. भिंतीच्या पाच चौकटी सारख्याच गडद हव्यात. १/१०००ची फिकट असेल तर तो वेग खरा त्याहून जास्त आहे, गडद असेल तर संथ आहे. काळे पट्टे चौकटीबाहेर, भोकांपर्यंत गेले असतील तर प्रकाश झाकणातून येतोय. पट्टा चौकटीच्या आतच थांबला असेल तर तो पडद्यातून किंवा आरशाकडून येतोय. प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच काळा ठिपका म्हणजे पडद्याचं भोक. लांबच लांब सरळ ओरखडा आला तर मागच्या दाबपट्टीवर कण आहे, ती मऊ कापडाने पुसा. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर फिल्म ओढणारी यंत्रणा दुरुस्तीला जाईल, ते घरचं काम नाही.

कृष्णधवल रोल घरी धुणाऱ्यांना आपल्याकडे पाण्याचं तापमान छळतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये ३० अंशांच्या वर असतं आणि सूचना मात्र २० अंशांच्या असतात. फिल्म बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीचं प्रमाण सोपं आहे: २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना ३. त्यांची एचपी५ प्लस फिल्म ४०० आयएसओला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, बिनपातळ केलेल्या द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं धुतात. तेच २३ला साडेपाचच्या आसपास येतात आणि पाच मिनिटांखाली गेलं की फिल्मवर ढग उमटायची भीती. म्हणून उन्हाळ्यात द्रावण समप्रमाणात पाणी घालून पातळ करा. मग २० अंशांची १३ मिनिटं २३ला पावणेदहा होतात आणि हात सावकाश चालवता येतो. फ्रिजमधली पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी यांच्यात दोनतीन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. बोअरच्या पाण्याने शेवटची धुलाई केली तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे थेंब राहतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या आणि फिल्म पंख्याखाली नव्हे, बंद न्हाणीघरात, खाली चिमटा लावून वाळत घाला.